घरची माणसं शेवटच्या पंगतीला

बनशंकरी, बंगळूर
२८ ऑक्टोबर १९९६

ती. वीणाक्का,

वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं तूच समजून घे.

तुझ्या मामेभावाला उतारवयात मोठेपण आलं आहे. बोअरवेलचं पाणी तपासून दाखले देणाऱ्या आपल्या गरीब खात्याला एकाएकी आधुनिकीकरणासाठी पैसे मिळालेत. ते कुठल्या यंत्रांवर आणि कुठल्या कचेरीत खर्च करायचे हे ठरवायला समिती नेमली आहे आणि तिचा अध्यक्ष मी. मार्चअखेरपर्यंत खर्च झाले नाहीत तर पैसे परत जाणार, म्हणून ते परत जाऊ नयेत एवढाच सध्या आमचा उद्देश दिसतो. संचालक हयवदन राव मला म्हणाले, "श्रीरंग, तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, म्हणून तुम्हीच." ही स्तुती होती की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून सगळी कचेरी माझ्या तब्येतीची चौकशी करते. नकाशा विभागाकडून मैसूरपाक आला, हिशेब विभागाकडून चकल्या आल्या. प्रत्येकाला संगणक हवा आहे. कशासाठी, असं विचारलं की लोक माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. कचेरीत सध्या एकच संगणक आहे. आयुधपूजेला त्याला झेंडूची माळ घातली, त्याच्यापुढे कोहळा फोडला आणि कुंकू वाहिलं ते नेमकं फ्लॉपीच्या फटीत गेलं. आठवडाभर तो बंद आहे आणि कुणाचंही काही अडलेलं नाही.

आता कामाचं. तुझ्या प्रयोगशाळेची मागणी रीतसर, वरिष्ठांमार्फत पाठव. मला घरी त्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस. तू माझी बहीण आहेस हे मुख्य कचेरीत कुणाला ठाऊक नाही आणि ते तसंच राहिलेलं बरं. आपल्याकडे मंगलकार्य असलं की आजोबा घरच्या माणसांना शेवटच्या पंगतीला बसवायचे. मीही तेच करणार आहे.

तुझा,
श्रीरंग


होसकेरे, जि. चित्रदुर्ग
६ नोव्हेंबर १९९६

चि. रंगा,

आशीर्वाद. अध्यक्ष झालास म्हणून या वेळी दोन जास्तीचे.

आजोबांचा नियम तुझ्या चांगला लक्षात राहिला. शेवटच्या पंगतीपर्यंत पुरणपोळ्या संपलेल्या असायच्या आणि आपण आमटी-भातावर उठायचो, तेवढं मात्र तू सोयीस्करपणे विसरलास. तू तर मुदपाकखान्यात शिरून आधीच दोन खाऊन यायचास, त्यामुळे तुला तो नियम फार उदात्त वाटतो.

तुझ्या समितीतल्या लोकांनी बहुधा कधी बाटलीभर पाणी तपासलं नसेल, म्हणून इथे काय चालतं ते लिहिते. ही शिफारस नव्हे, सामान्यज्ञान. गावोगावच्या हातपंपांचं पाणी बाटल्यांतून येतं. ते नळीत घालायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, की गुलाबी रंग येतो. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त तितका तो गुलाबी पिवळा पडत जातो. तो किती पिवळा पडला हे शेजारच्या नमुन्याच्या नळ्यांशी ताडून आपल्या डोळ्यांनी ठरवायचं. पिवळा जास्त असेल तर त्या गावातल्या पोरांचे दात डागाळणार आणि मोठेपणी हाडं वाकणार, म्हणून त्या पंपाला लाल रंग. नाहीतर हिरवा. मी तीस वर्षं हेच करते आहे, आणि हल्ली म्हणे हे डोळ्यांचं काम करणारे मीटर निघालेत, त्यांवर सरळ आकडा येतो.

माझी मागणी रीतसर पाठवली आहे. एक स्टूल. आहे त्याचा एक पाय लुळा आहे. एवढ्याने तुझ्या निःपक्षपातीपणाला धक्का बसू नये.

प्रतिमाला सांग, तुझ्यासाठी स्वेटर विणते आहे. अध्यक्षांना थंडी वाजता कामा नये.

तुझी,
वीणाक्का


बनशंकरी
१६ डिसेंबर १९९६

ती. वीणाक्का,

कंबर सुटली आहे, त्यामुळे आजचा नमस्कार अस्सल.

स्वेटर मिळाला. अंगाला बेताचा बसतो आणि बाटलीचा हिरवा रंग मला शोभतो असं प्रतिमा म्हणते. फक्त डावी बाही गडद निळी का, ते आम्हा दोघांना समजलं नाही. मी तो तसाच घालून बैठकीला गेलो. हयवदन राव बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारलं, "दोन खात्यांनी मिळून विणला आहे का?"

बैठकीचं सांगतो. ज्याचा आवाज मोठा त्याला यंत्र, असं होऊ नये म्हणून मी गुण देण्याची पद्धत काढली. गरज जास्त त्याला गुण जास्त. माझ्या मते ती फार शास्त्रीय होती. तीन फ्लोराइड मीटर घ्यायचे आहेत आणि प्रयोगशाळा सहा. मग गरज कशी मोजायची यावर चर्चा झाली आणि असं ठरलं, की जी प्रयोगशाळा कमी दोष शोधते तिला यंत्राची गरज जास्त. यंदा सगळ्यात जास्त वाईट पंप कुणी शोधले? तू. म्हणजे तुझं काम यंत्रावाचून झकास चाललं आहे. तुला शून्य गुण पडले. अभिनंदन.

सगळ्यांनी एकमताने दिले, कुणी हूं की चूं केलं नाही. मीही गप्प बसलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. उद्या कुणी बोट दाखवणार नाही.

बाकीचे पैसे मुख्य कचेरीतल्या संगणकाच्या खोलीला. वातानुकूलन, फॉल्स सीलिंग, आणि दाराबाहेर चपला ठेवायला मांडणी, कारण आत चप्पल घालून गेलं तर संगणकाला बाधा होते असं सांगतात. तुझं स्टूल मात्र नामंजूर झालं. ते फर्निचर आहे, तंत्रज्ञान नव्हे.

तुझा,
श्रीरंग


होसकेरे
३० डिसेंबर १९९६

चि. रंगा,

आशीर्वाद, आणि नव्या वर्षात तुला स्वल्प अक्कल येवो ही सदिच्छा.

शाळेत असताना शून्य तुला पडायचं आणि ते मला समजावून सांगावं लागायचं. आता तू मला शून्य देतोस आणि समजावूनही सांगतोस, म्हणजे प्रगती आहे. कमी काम करणाऱ्याला यंत्र, ही कल्पना मला आधी सुचली असती तर तीस वर्षं झोपून काढली असती.

बाहीचं म्हणशील तर होसकेऱ्यात सध्या तीच फॅशन आहे. बंगळूरला पोचायला वेळ लागेल.

यंदा लाल पंप जास्त आहेत हे खरं. काटनहट्टीच्या बायका माझ्या नावाने बोटं मोडतात, कारण गावातले पंप लाल झाल्यामुळे त्यांना शेतापलीकडच्या विहिरीवरून कळशा आणाव्या लागतात. शंका असली की लाल करावं, असं मी ठरवलं आहे. तुम्ही लोक त्याला कार्यक्षमता म्हणता तर म्हणा.

प्रतिमा दावणगेऱ्याला लग्नाला येणार आहे ना? परतताना तिला माझ्याकडे दोन दिवस उतरव. तू येऊ नकोस, निःपक्षपातीपणाला प्रवास सोसत नाही.

तुझी,
वीणाक्का


होसकेरे
१२ जानेवारी १९९७

अहो,

हे पत्र जेवण झाल्यावर वाचा, आणि वाचून झाल्यावर कचेरीतल्या कुणावर ओरडू नका. ओरडायचंच असेल तर आरशापुढे उभे राहा.

दोन दिवसांसाठी आले ती पाच दिवस राहिले आहे, कारण वन्संना सोडून निघवत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. दोन नळ्या माझ्यापुढे धरल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "प्रतिमा, तुला या सारख्या दिसतात का गं?" मला वाटलं माझी परीक्षा घेत आहेत. मी म्हटलं, एक जरा पिवळसर आहे. तर त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. मग दुसऱ्या नळ्या, मग तिसऱ्या. संध्याकाळपर्यंत माझी ट्यूब पेटली. मला शिवणटिपणाच्या रंगांपलीकडे काही कळत नाही, आणि माझ्या शब्दावर अख्ख्या गावाचं पाणी ठरत होतं.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. आधी हसून टाळलं, मग बोलल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. फिके रंग वेगळे दिसत नाहीत, गडद रंगही एकमेकांत मिसळतात. तुमच्या त्या बाहीची लोकर त्यांनी हिरवी समजूनच आणली होती. तुमचं पत्र वाचून त्यांना पहिल्यांदा कळलं की आपलं किती बिघडलं आहे. इतके दिवस फक्त शंका होती, म्हणून त्या शंका आली की लाल करत होत्या. आता त्यांना भीती वाटते ती त्याआधीच्या हिरव्यांची. चांगलं म्हणून दाखला दिला आणि पाणी वाईट असलं तर, असं म्हणून रात्री उठून बसतात.

मी म्हटलं, तुमचा भाऊच तर मीटर वाटतो आहे, त्यांना का नाही सांगितलं? त्यावर म्हणाल्या, "त्याच्याकडे बोट दाखवतील गं."

तुम्ही दोघं खरोखर एका घरात वाढलात.

प्रतिमा


बनशंकरी
१८ जानेवारी १९९७

ती. वीणाक्का,

प्रतिमाने सगळं लिहिलं. मला तुझा राग आला आहे आणि तो आजच्या टपालाने तुझ्याकडे येतो आहे.

मी तुझ्या बाहीची चेष्टा करत बसलो. शून्याबद्दल तुझं अभिनंदन केलं. लाल पंप जास्त का, असं एका शब्दाने तुला विचारलं नाही. दुसऱ्या कुणाची प्रयोगशाळा असती तर मी सतरा प्रश्न विचारले असते. तुझी होती म्हणून मी त्या कागदाकडे नीट पाहिलंही नाही आणि त्याला मी सचोटी समजत होतो.

पुढची बैठक तेरा फेब्रुवारीला आहे. मीटरच्या ऑर्डरी अजून गेलेल्या नाहीत. पण शून्य गुणांचं नाव वर आणायचं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण तुझे डोळे आहेत. तुझी परवानगी नसेल तर मी बोलणार नाही. पण परवानगी दे. ही विनंती आहे, आणि अध्यक्ष विनंती करत नसतात हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
रंगा


होसकेरे
२५ जानेवारी १९९७

चि. रंगा,

तुझा राग मिळाला. चांगला घसघशीत होता, तीन दिवस पुरला.

पहिल्या दिवशी मी तुला नकाराचं पत्र लिहिलं. तुम्ही माझे डोळे कागदावर आणलेत की मला वैद्यकीय मंडळापुढे उभं करतील. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. अपात्र ठरवून घरी पाठवलं तर माझ्या जागी इकडे कोण येणार? प्रयोगशाळेला कुलूप लागेल आणि बाटल्या बाहेरच्या ओट्यावर साठत जातील. शिवाय तू बहिणीला मीटर दिलास ही चर्चा वेगळीच. फार मुद्देसूद पत्र होतं. दुसऱ्या दिवशी मी ते पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्यात सगळीकडे मी होते, तू होतास, खातं होतं. पाणी पिणारं कुणीच नव्हतं. ते फाडून टाकलं.

तेव्हा सोबत माझा अर्ज आहे, माझ्या सहीचा. मला रंग ओळखता येत नाहीत, ऑक्टोबरपासूनच्या माझ्या सगळ्या दाखल्यांची फेरतपासणी व्हावी आणि या प्रयोगशाळेला मीटर मिळावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. तू शिफारस करू नकोस, फक्त मोठ्याने वाच. तुझा आवाज लहानपणापासून चांगला आहे.

जाता जाता विचारते. कुणाला काय मिळणार ते सगळं लिहिलंस, पण अध्यक्षांच्या टेबलावर काय येणार आहे ते कुठे दिसलं नाही.

तुझी,
वीणाक्का


बनशंकरी
१५ फेब्रुवारी १९९७

ती. वीणाक्का,

मीटर तुला मिळाला. आता घडलं ते क्रमाने ऐक, कारण माझी जी शोभा झाली ती तुला सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

बैठक सुरू झाल्याबरोबर मी उभा राहिलो. म्हटलं, "आधी एक गोष्ट इतिवृत्तात लिहून घ्या. होसकेऱ्याच्या वीणाबाई माझी सख्खी आतेबहीण आहेत." मला वाटलं आता खळबळ माजणार. कुणी मान वर केली नाही. हिशेबाचे सूर्यकांत चहात बिस्कीट बुडवत होते, ते बुडवत राहिले. शेवटी हयवदन राव म्हणाले, "ते आम्हाला वीस वर्षं माहीत आहे हो. तुमचं बोलणं बंद आहे, हेही माहीत आहे."

मी म्हटलं, बोलणं बंद? कुणाचं?

अक्का, सगळ्या कचेरीची अशी समजूत आहे की आपलं वाटणीवरून भांडण चालू आहे. मी तुझं नाव कधी काढत नाही, तुझी फाइल आली की न वाचता पुढे सरकवतो, कुणी होसकेरे म्हटलं की विषय बदलतो. लोकांनी त्याचा दुसरा काय अर्थ लावायचा? ते शून्य गुण तुला त्यांनी मला बरं वाटावं म्हणून दिले होते. तो कमी दोष आणि जास्त गरजेचा नियम सूर्यकांतांनी तेवढ्यासाठी शोधून काढला. "तुमचं मन राखलं," असं ते मला आता सांगतात.

मी इतकी वर्षं ज्याला निःपक्षपातीपणा म्हणत होतो तो एका खोलीतल्या आठ जणांना डूख वाटत होता. मग मी तुझा अर्ज वाचला. मोठ्याने वाचला, पण शेवटी आवाज नीट लागला नाही. मीटर तीनच होते आणि ते वाटून झाले होते. माझ्या टेबलावर एक संगणक यायचा होता, तो मी सोडला. विचारलंस ना, ते हेच. त्याने पुरेना, म्हणून संगणकाच्या खोलीचं फॉल्स सीलिंग काढलं. हयवदन राव म्हणाले, "खोलीला वर छत आहे की. आणखी एक कशाला?" एवढं शहाणपणाचं वाक्य आमच्या समितीत याआधी कुणी बोललेलं नव्हतं.

वैद्यकीय मंडळाची काळजी करू नकोस. मोतीबिंदू काढला की तो प्रश्नच उरत नाही; ऑपरेशनची रजा मंजूर आहे, तारीख इथली, मे महिन्यातली घेतली आहे. तुझी गाडी इथे बंगळुरात यशवंतपूरला थांबते, मी घ्यायला येईन. कचेरीतले दोघंतिघं स्टेशनवर येणार म्हणतात. आपण बोलतो का, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं आहे.

तुझा,
रंगा


होसकेरे
१९ एप्रिल १९९७

चि. रंगा,

आशीर्वाद. मीटर मार्चच्या मध्यावर जीपमधून आला. त्याच्यावरचे आकडे मला चष्म्याशिवाय दिसतात. तो माझ्याशी हुज्जत घालत नाही आणि चेष्टाही करत नाही, त्यामुळे तुझी उणीव भासते.

आधी लाल पंपांचं पाणी मागवलं. शंका म्हणून लाल केलेले बहुतेक सगळे चांगले निघाले. काटनहट्टीला मी स्वतः गेले. पंचायतीच्या देवाप्पाने हिरव्या रंगाचा डबा आणून ठेवला होता. तिथल्या बायकांना मी सांगितलं, की तुम्ही हिवाळाभर लांबून कळशा वाहिल्यात ती चूक माझी. मग एक म्हातारी म्हणाली, "होगली बिडि अक्का." म्हणजे जाऊ दे. आणि तिने नव्या रंगाला हात लागू न देता जपून पंप हापसला. मी घरी येऊन थोडी रडले, पण ते रडणं बरं होतं.

आता दुसरं सांगते. ते लिहायला मला चार दिवस लागले.

हिरवे पंप तपासायची हिंमत मला लवकर झाली नाही. केले तेव्हा सगळे हिरवेच निघाले, एक सोडून. तो काटनहट्टीच्या शाळेच्या आवारातला, पोरांपुरता राखलेला. त्याचा दाखला माझ्या सहीचा आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला. म्हणजे तुझं समितीचं पहिलं पत्र आलं त्याच सुमाराचा. मीटरवर आकडा आला तो मी तीनदा घेऊन पाहिला. तीनही वेळा तोच आला.

इथले डॉक्टर म्हणाले की पाच-सहा महिन्यांत फारसं बिघडत नाही, त्याला वर्षं लागतात. ते खरं असेल. मला ते पुरत नाही. तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही, रंगा. मी मागितलं नाही, कारण तुझ्या नावाला डाग लागला असता. तू विचारलं नाहीस, कारण दोघांच्याही नावाला लागला असता. आपण एकमेकांशी इतकं चांगलं वागत होतो, आणि पोरं मधल्या सुट्टीत ते पाणी पीत होती.

पंप त्याच दिवशी मीच लाल केला. आता शाळेला दुसरी बोअर मारून हवी आहे. ते काम कुणाच्या हातात आहे, तो ओळखीचा आहे का आणि आपल्यातला कुणाचा कोण लागतो, सगळं कळव. मी त्याच्या दारात जाऊन बसते.

तुझी,
वीणाक्का